समुद्र उजव्या हाताला

१

अन्सारने टेबलाचा खण उघडला आणि तो नुसता आत बघत उभा राहिला. मी शेजारच्या काउंटरवर एका बाईंचं कोचीनचं तिकीट लिहीत होते, म्हणून आधी लक्ष दिलं नाही. मग त्याने वरचा खण उघडला, खालचा उघडला, शेवटी कचऱ्याची टोपली उपडी केली. चेहरा असा पांढराफटक, की मला वाटलं गावाहून काही वाईट फोन आला.

"लीनाताई, डबा गेला," तो म्हणाला.

कुठला डबा हे विचारायची गरज नव्हती. ऑफिसात दुसरा विषयच नव्हता. चपटा प्लॅस्टिकचा डबा आणि त्यात आलान्याच्या स्लाइड्स. आलान्या म्हणजे तुर्कस्तानातलं, भूमध्य समुद्राकाठचं जुनं गाव. समुद्रात घुसलेल्या डोंगरावर किल्ला, एका अंगाला बंदर, दुसऱ्या अंगाला लांबलचक वाळू. युरोपातले लोक तिथे हवा खायला जातात. आमचे मालक रहिमतुल्ला सेठ मूळचे श्रीवर्धनचे, बहरीनच्या राजधानीत, मनामात बाब-अल-बहरीन या जुन्या वेशीच्या मागच्या गल्लीत त्यांची ट्रॅव्हल एजन्सी. सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात इथली कुटुंबं आलान्याला न्यायची, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. त्याआधी गाव बघून फोटो काढून आणायला ऑक्टोबरात त्यांनी दोघांना पाठवलं. एक त्यांचा भाचा ताहिर आणि दुसरा आमचा अन्सार.

जो हे काम चोख करील तो टूरचा इन्चार्ज, असा सेठचा शब्द होता. इन्चार्जला राहायला फ्लॅट आणि फॅमिली व्हिसा. ताहिरचं लग्न झालेलं नाही, त्याला फॅमिली व्हिसाचं काय लोणचं घालायचंय? पण अन्सारची बायको मसूदा दापोलीजवळच्या गावात होती, आणि मुलगी अदीबा हा इकडे आल्यावर जन्मली. ती चालायला लागली, बोलायला लागली, आणि बापाने तिला फक्त फोटोत बघितली. काउंटरवर, पासपोर्टच्या गठ्ठ्यामागे तो फोटो टेकवलेला असायचा. त्या डब्यात काय होतं म्हणाल तर हेच होतं.

आम्ही दोघं टेबलाखाली वाकून शोधत होतो, तेवढ्यात केबिनचं दार उघडून सेठने आम्हाला आत बोलावलं. टेबलावर डबा. खुर्चीत ताहिर, पायावर पाय टाकून.

"हा डबा ताहिरचा आहे, फोटो त्याने काढले, तू आलान्याला पाऊलसुद्धा ठेवलं नाहीस," सेठ अन्सारला म्हणाले. "खरं की खोटं?"

२

झालं होतं ते असं. निदान अन्सार सांगत होता ते असं.

दोघं इस्तंबूलला उतरले. तिथल्या हॉटेलवाल्याशी करार व्हायचा होता, तो रखडला. ताहिर म्हणाला, तू बसने आलान्याला पुढे हो, मी मागून येतो. हा कॅमेरा घेऊन गेला, एकटाच राहिला, एकटाच फिरला. ताहिर आलाच नाही. परतताना विमानतळावर भेटला तेव्हा त्याच्याकडे दोन मोठ्या बॅगा होत्या आणि त्याने हात जोडले की मामूला सांगू नकोस. अन्सारने नाही सांगितलं. दोघं गेलो होतो, असंच त्याने सेठला सांगितलं. सहकाऱ्याला सांभाळून घेतलं आणि स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. असल्या भलेपणाचा मला भयंकर राग येतो.

कारण आता ताहिर तीच गोष्ट उलटी करून सांगत होता. इस्तंबूलला अन्सार राहिला, चामड्याची जाकिटं विकत घेत फिरला. आलान्याला गेलो मी. फोटो काढले मी. आणि याला सांभाळून घेतलं तेही मीच.

सेठ संतापले होते ते दोघांवरही. दोघं आधी खोटं बोलले होते हे तर उघड होतं. पण आता त्यातला एक अजून खोटं बोलत होता. शुक्रवारी संध्याकाळी हॉटेलच्या हॉलमध्ये गिऱ्हाइकांसमोर स्लाइड शो ठेवलेला, आमंत्रणं गेलेली. शुक्रवारच्या नमाजनंतर मी निकाल देणार, सेठ म्हणाले, खरा असेल तो शो करील, खोटा असेल त्याचा व्हिसा त्याच दिवशी रद्द, खलास.

पुरावा शोधायचा तर कुठे? पासपोर्टवर दोघांचेही शिक्के सारखेच, तुर्कस्तानात शिरल्याचे आणि बाहेर पडल्याचे. बसच्या तिकिटावर नाव नसतं. स्टुडिओची पावती एजन्सीच्या नावाने. आलान्यातलं घरगुती लॉज सीझन संपल्यावर बंद झालेलं, मी फोन लावून लावून थकले, नुसती घंटा वाजत राहायची. स्लाइड्स एकट्या माणसाने काढलेल्या, त्यामुळे एकीतही माणूस नाही. किल्ला आहे, बंदर आहे, सूर्यास्त आहे, पण काढणारा कुठेच नाही.

मी अन्सारच्या बाजूची होते, उगाच निःपक्षपाती असल्याचं सोंग आणत नाही. पण मी त्याच्या बाजूने असण्याला सेठच्या दरबारात काय किंमत? ताहिर त्यांच्या मेलेल्या बहिणीचा मुलगा. मग मला एक युक्ती सुचली आणि त्या युक्तीनेच अन्सारला जवळजवळ घरी पाठवलं.

३

युक्ती साधी होती. जो त्या गावी गेलाय त्याला गाव ठाऊक असणार. तेव्हा दोघांची परीक्षा घ्यायची. मी आलान्याचं ब्रोशर घरी नेलं, प्रश्न काढले. माझा नवरा गुरुप्रसाद इंजिनिअर आहे, तो म्हणाला, अगं, ब्रोशर त्यांनीही वाचलं असेल. मी म्हटलं, तू गप्प बस. तेव्हा त्याचं ऐकायला हवं होतं, पण हे त्याला अजून सांगितलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सेठच्या केबिनमध्ये आधी ताहिरला बसवलं. काय सांगू, पोपट. बंदरावरचा लाल बुरूज? आठ बाजूंचा, सेल्जुक सुलतानाने बांधला, तेराव्या शतकात. जुनी गोदी? पाच कमानी, थेट समुद्रात उघडणाऱ्या, आत जहाजं बांधायचे. दामलाताशची गुहा? आतली हवा उबदार आणि दमट, दम्याचे रोगी मुद्दाम जाऊन बसतात. क्लिओपात्राचा किनारा? राणी तिथे आंघोळीला यायची अशी दंतकथा. कुठे अडखळला म्हणून नाही. सेठ मान डोलावत होते आणि माझा जीव खाली खाली चालला होता.

मग अन्सार. त्याला गुहेचं नाव आठवेना. सुलतान कुठला ते माहीत नव्हतं. लाल बुरुजाला बाजू किती विचारलं, तर म्हणाला, मोजल्या नाहीत, पण चक्कर मारली, फार वारा होता. गोदीला तो जहाजांची वखार म्हणाला. किल्ल्यावर चढताना एका म्हातारीने अंगणातून हाक मारून पाणी दिलं, हे त्याने तिखटमीठ न लावता दोनदा सांगितलं. सेठनी घड्याळाकडे बघितलं.

बाहेर आल्यावर ताहिर मला म्हणाला, "थँक यू हां, लीनाताई." मला त्याच्या डोक्यात पंचिंग मशीन घालावंसं वाटलं. मी माझ्या जागेवर जाऊन बसले आणि अन्सारकडे बघायची हिंमत झाली नाही. तो मात्र पासपोर्टच्या गठ्ठ्यामागचा फोटो काढून खिशात ठेवत होता.

मग मी जे आधीच करायला हवं होतं ते केलं. ईसा टाउनला फोन लावला, हमीदाआपांना.

४

हमीदाआपा म्हणजे सेठची थोरली बहीण. नवरा गेल्यावर भावाकडे आल्या, एकुलता मुलगा ओवैस लंडनला. ताहिरची आई वारली तेव्हा तो एवढासा होता, त्याला वाढवला यांनीच. शिक्षण उर्दू शाळेतलं चारेक इयत्ता, हातात सतत सुईदोरा, आणि ईसा टाउनच्या त्या गल्लीत कोणाच्या घरात काय हरवलं की बायका आधी यांच्याकडे येतात. गेल्या ईदला शेजारणीची बांगडी यांनी बसल्या जागी शोधून दिली होती, चार प्रश्न विचारून.

फोनवर मी सगळं सांगितलं. आपांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, दोघांनाही गुरुवारी जेवायला घेऊन ये. मी म्हटलं, आपा, ताहिर तुमचा आहे, म्हणून मला फोन करायला संकोच वाटत होता. त्या म्हणाल्या, "माझा हाय म्हणूनच तर विचारते गो."

गुरुवारी दुपारी बिर्याणी झाली. सेठ सोफ्यावर, आपा खाली गालिच्यावर, मांडीवर उशीचा अभ्रा आणि त्यावर भरतकाम. दोघांना त्यांनी एकेकटं आत बोलावलं. मला वाटलं आता कोर्टासारखी उलटतपासणी सुरू होईल. कसलं काय. खायला काय मिळालं रे? झोप लागायची का? नमाज कुठे पढायचास? आईबाया विचारतात तसले प्रश्न. मी मनात म्हटलं, झालं, आता अन्सारची बॅग भरायला घ्या.

ताहिर आधी बसला. कबाब खाल्ले, समुद्रावरची मासळी खाल्ली. खोली समुद्राच्या बाजूची, लाटांच्या आवाजाने झोप मस्त. "आणि खाला, नमाज एक चुकवली नाही. संध्याकाळची मगरिब तर रोज त्या क्लिओपात्राच्या वाळूवर. ती सूर्यास्ताची स्लाइड आहे ना, तिथेच. सूर्य नुकता बुडालेला, समोर समुद्र, समोर सगळं आकाश तांबडं. चटई टाकून उभं राहिलं की डोळ्यांत पाणी यायचं. तिथले दोघं-तिघं तुर्क असायचे. त्यांनी मलाच पुढे केलं, म्हणाले तुम्ही इमाम व्हा. रोज माझ्या मागे उभे राहायचे."

सेठनी डोळे टिपले. मला ते चित्र दिसलंच समोर. मेला बोलतो चांगला, हे कबूल करायलाच हवं. आपा सुईत दोरा ओवत होत्या, त्यांनी नुसतं हं म्हटलं आणि बरोबर किती जण होते ते पुन्हा एकदा विचारून घेतलं.

मग अन्सार आला. कबाब महाग, म्हणून तो पाव आणि ऑलिव्ह खायचा. हातगाडीवर केळी मिळायची, बारीक, आपल्या गावठी केळ्यांसारखी गोड. गावाभोवती केळीच्या बागाच आहेत म्हणाला, बघून बरं वाटलं. झोप पहिल्या दिवशी लागली नाही, कोणाचा तरी कोंबडा अवेळी आरवायचा.

"आणि नमाज?"

अन्सारचे कान लाल झाले. मगरिब तोही किनाऱ्यावरच पढायचा. "लोक कमी असायचे तेव्हा. समोर किल्ल्याचा डोंगर, समुद्र उजव्या हाताला. शेवटी सलामला मान उजवीकडे फिरवली की पाण्यावर तांबडं दिसायचं. पहिल्या दिवशी मात्र..." आणि तो थांबला.

"पहिल्या दिवशी काय?"

"काही नाही, आपा."

आपांनी दोनदा विचारलं. तो गालिच्याकडे बघत राहिला. सेठची भुवई वर गेली. माणूस काहीतरी लपवतोय हे आंधळ्यालासुद्धा कळलं असतं, आणि मी तर डोळस होते. पहिल्यांदाच माझ्या मनात आलं, खरंच हा इस्तंबूललाच राहिला असेल तर? मला स्वतःचीच लाज वाटली, पण आलं मनात.

निघताना आपा दारापर्यंत आल्या. त्यांचा चेहरा ओढल्यासारखा दिसत होता. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, "तुझ्या पोरीकडे तो पृथ्वीचा गोळा हाय ना शाळेचा? उद्या येताना घेऊन ये."

५

माझ्या कश्मिराने गोळा द्यायला केवढी कटकट केली. "मम्मा, इट्स माय प्रोजेक्ट!" शेवटी आइस्क्रीमवर मिटलं. शुक्रवारी नमाज आटोपून सगळे ईसा टाउनला जमलो तेव्हा मी तो गोळा कडेवर घेऊन गेले, मूल घेतल्यासारखा. ताहिर नवा सूट घालून आला होता, संध्याकाळच्या शोसाठी. अन्सारने नेहमीचाच शर्ट घातला होता. खिशात फोटो होता, वरून कडा दिसत होती.

सेठनी आणलेल्या स्लाइड्सच्या डब्याशेजारी आपांनी गोळा तिवईवर ठेवला. चष्मा लावला. सुईतला दोरा ओढून तोडला आणि त्याचं एक टोक बोटाने मक्केवर दाबून धरलं.

"लीना, आपलं श्रीवर्धन दाखव."

मी मुंबईच्या खाली बोट ठेवलं. आपांनी दोरा तिथवर ताणला. आडवा. श्रीवर्धनहून मक्का मावळतीला. मग म्हणाल्या, बहरीन दाखव. दोरा पुन्हा बराचसा आडवाच, मावळतीलाच, जरा खाली कललेला. म्हणून तर इकडे आलेल्या कोकणी माणसाला किब्ल्याचा, म्हणजे नमाजला मक्केकडे तोंड करायच्या दिशेचा, कधी विचार करावा लागत नाही. गावाला सूर्य जातो तिकडे तोंड, इथेही तिकडेच. लहानपणापासून अंगात मुरलेलं असतं.

"आता ते आलान्या दाखव."

मी तुर्कस्तानच्या खालच्या काठावर बोट ठेवलं आणि आपांनी दोरा तिथवर नेला. केबिनमध्ये ब्रोशर घेऊन मी एवढी परीक्षा घेतली, पण हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. दोरा उभा राहिला. वरून खाली, दक्षिणेला, किंचित उगवतीकडे झुकलेला. मक्का तिथून मावळतीला नव्हतीच.

"माझा ओवैस लंडनला गेला तेव्हा पहिल्याच फोनवर हेच म्हणाला," आपा सांगत होत्या. "अम्मी, इथे सवयीने मावळतीला उभा राहिलो तर सगळे उलट्या बाजूला." मग त्या ताहिरकडे वळल्या. "तू रोज समोर तांबडं आभाळ घेऊन उभा राहायचास. समोर समुद्र. तिकडे मक्का नाही रे. गोळ्यावर बघ, तिकडे सरळ गेलं तर स्पेन हाय."

मी ब्रोशरमधला गावाचा नकाशा उलगडला. क्लिओपात्राचा किनारा गावाच्या मावळत्या अंगाला. त्या वाळूवर उभं राहून दोऱ्याच्या दिशेने तोंड केलं तर समोर काय येतं? किल्ल्याचा डोंगर. आणि समुद्र? उजव्या हाताला. अन्सारचं वाक्य जसंच्या तसं.

सेठ मात्र एवढ्यावर मानणारे नव्हते. ते म्हणाले, प्रवासात दिशा चुकते माणसाची, नकळत चुकली तर माफ आहे, एवढ्यावरून खोटा कसा म्हणू पोराला? ताहिरनेही तो धागा लगेच पकडला. हो मामू, चुकलीच असेल दिशा, माझ्या लक्षात नाही आलं.

"एकटा असतास तर मीही मानलं असतं," आपा म्हणाल्या. "पण तू इमाम झालास ना? तुझ्या मागे तिथलेच तुर्क उभे होते ना, रोज? त्यांचा जन्म गेला त्या वाळूवर. ती माणसं स्पेनकडे तोंड केलेल्या इमामाच्या मागे उभी राहतील?"

ताहिर सूटची बटणं चाळवायला लागला. ती दोन-तीन माणसं त्याने नुसती शोभेला घातली होती, मामूचे डोळे ओले व्हावेत म्हणून. नसती घातली तर निसटला असता.

आपांनी आता अन्सारला विचारलं, पहिल्या दिवशी काय झालं ते आता तरी सांग. तो सेठकडे न बघता बोलला. पहिल्या दिवशी तो सवयीने मावळतीला तोंड करून उभा राहिला होता. मासे पकडायला बसलेला एक म्हातारा उठून आला, हसला आणि त्याने याचे दोन्ही खांदे धरून याला किल्ल्याकडे फिरवला. भाषा येत नव्हती, म्हणून तोही शेजारी उभा राहिला.

"मग हे काल का नाही बोललास?" सेठ ओरडलेच.

"तुम्ही म्हणाला असता, ज्याला किब्ला कळत नाही तो लोकांना काय परदेश दाखवणार," अन्सार म्हणाला. "तुमच्यासमोर लाज वाटली, सेठ."

चूक दोघांनीही तीच केली होती. खऱ्याला ती तिथल्या माणसाने सुधारून दिली, आणि ती चूक सांगायची त्याला लाज वाटली. खोट्याला ती चूक आहे हेच कळलं नाही, म्हणून तो ती मिरवत बसला. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या, पण आपांकडे बघून हात तसेच राहिले. त्या रडत होत्या.

"इस्तंबूलपण तिथेच वर हाय, गोळ्यावर," त्या ताहिरला म्हणाल्या. "तिथूनही मक्का खालीच. तिथे एकदा जरी उभा राहिला असतास तर तुला कळलं असतं. म्हणजे इतक्या दिवसांत तू एकदाही नाही उभा राहिलास. आणि माझ्यासमोर बसून नमाजचं खोटं सांगितलंस. डब्याचं तुझा मामू बघील. हे मला लागलं."

मग ताहिर फुटला. बॅगांत जाकिटं होती, इथे विकायला घेतलेली. डबा त्यानेच रविवारी संध्याकाळी अन्सारच्या खणातून काढला होता. त्याने आपांचे पाय धरले. सेठ विरघळू लागलेले मला दिसत होते, रक्ताचं नातं शेवटी. त्यांनी बहिणीकडे बघितलं. आपांनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाल्या की खोटं बोलेल त्याचा व्हिसा रद्द, हा शब्द तूच दिला होतास, आता पाळ. पोराला मी घेऊन जाते गावाला, मीच वाढवलाय, मीच बघते.

सेठनी तिवईवरचा डबा उचलला आणि अन्सारच्या हातात दिला.

६

संध्याकाळी हॉल गच्च भरला होता. ईसा टाउनची कुटुंबं, आमच्या मराठी मंडळाचे लोक, सेठचे अरब मित्र, मागे लोक उभे होते. सेठनी स्वतःचा कोट काढून अन्सारच्या अंगावर चढवला. बाह्या बोटांपर्यंत येत होत्या.

सुरुवातीला तो इतका चाचरला की मी दाताखाली ओठ धरून बसले. लाल बुरूज आला, बंदर आलं. त्याने सुलतानाचं नाव घेतलं नाही, वारा किती होता ते सांगितलं. गोदीच्या कमानीत उभं राहिलं की पाणी पायाशी येतं आणि आवाज घुमतो, ते सांगितलं. किल्ल्याच्या वाटेवर म्हातारीने दिलेलं पाणी सांगितलं, केळी सांगितली, केळ्यांना सगळे कोकणी हसले. हळूहळू लोक पुढे सरकून ऐकायला लागले. आणि मग सूर्यास्ताची स्लाइड आली. हॉलभर तांबडा उजेड पसरला.

अन्सारने पडद्यावरच्या वाळूवर बोट ठेवलं. "इथे संध्याकाळी नमाज पढायची तर मावळतीला तोंड करू नका," तो म्हणाला. "आपण सगळे तीच चूक करतो, मीसुद्धा केली. समुद्र उजव्या हाताला ठेवा. किल्ला समोर येईल."

पुढच्या रांगेतले एक म्हातारे अहमदचाचा मोठ्याने म्हणाले की असा माणूस बरोबर असेल तर माझी अख्खी फॅमिली लिहून घ्या. हॉल टाळ्यांनी दणाणला. त्या संध्याकाळी नावं लिहून लिहून माझं बोट सुजलं. पहिली टूर तिथेच भरली आणि सेठनी दुसरीचीही घोषणा करून टाकली. घरी जाताना गुरुप्रसादने विचारलं, तुझ्या प्रश्नपत्रिकेचं काय झालं? मी म्हटलं, तू गाडी चालव.

आपा ताहिरला घेऊन श्रीवर्धनला गेल्या आणि ईदच्या आधी एकट्या परत आल्या. ताहिर तिथे मामूच्या वाडीचं बघतो. आपा सांगतात, पहाटे उठतो. त्यापुढे त्या बोलत नाहीत आणि मीही विचारत नाही.

फेब्रुवारीत मसूदा आली. मी डब्यात वरणभात आणि बटाट्याची भाजी घेऊन त्यांच्या नव्या फ्लॅटवर गेले होते, प्रवासातून आलेल्या बाईला पहिल्या दिवशी चूल कशाला. घरात अजून सामान नव्हतं, एक सतरंजी आणि तीन बॅगा. अदीबा बापाकडे जायला तयार नव्हती. आईच्या ओढणीआडून त्याच्या खिशातल्या फोटोकडे बोट दाखवायची आणि पुन्हा लपायची. अन्सार जमिनीवर बसून तिची मनधरणी करत होता, आणि त्याच्या तोंडावर असं हसू की बघवत नव्हतं.

मशिदीतून मगरिबची अजान आली. मसूदाने ओढणी डोक्यावर नीट केली, रिकाम्या खोलीत चारी बाजूंना बघितलं आणि विचारलं, "इथं किब्ला कुठं?"

अन्सार उठला. त्याने तिचे दोन्ही खांदे धरले आणि हळूच तिला खिडकीकडे फिरवलं. "गावासारखाच," तो म्हणाला. "सूर्य जातो तिकडं."

दोघं उभे राहिले. अदीबा जरा वेळ बघत राहिली, मग गुपचूप जाऊन बापाच्या शेजारी त्याच दिशेला तोंड करून उभी राहिली आणि तिने त्याचा सदरा मुठीत धरला. मी डबा ओट्यावर ठेवला आणि आवाज न करता बाहेर आले. जिन्यात बसून मनसोक्त रडले, सांगून टाकते, आणि मग घरी जाऊन कश्मिराला आणखी एक आइस्क्रीम दिलं.